सर गेल्यानंतरचे शोधनिबंध

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी बेळगावहून येऊन बंगळूरच्या एका विज्ञानसंस्थेत संशोधन करत होते. आमचे सर पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घराण्यातले. त्यांचा विषय ऐकून लोक हसत: ओला चिखल वाळताना त्याला भेगा कशा पडतात. त्यांचे शोधनिबंध मोजके होते आणि त्यांचा दाखला सहसा कुणी देत नसे.

एके दिवशी सकाळी त्यांनी मला जिन्यातच थांबवलं. "अगं, भेग वळायच्या आधी थबकते! विचार केल्यासारखी. आत्ताच दिसलं मला, अजून कुणाला बोललो नाही."

त्याच दुपारी प्रयोगशाळेत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. घरी ते परत गेलेच नाहीत.

काही वर्षांनी त्यांच्या स्मरणार्थ अंक काढायचं ठरलं आणि विभागप्रमुखांनी सरांच्या कामाची यादी माझ्याकडे सोपवली. कुणाच्या निबंधाचा दाखला कुणी कुठे दिला, हे बारीक टायपात छापलेले जाडजूड खंड तेव्हा परदेशातून ग्रंथालयात येऊ लागले होते. त्यात सरांचं नाव काढलं आणि मी पाहतच राहिले. दातांना जाणाऱ्या तड्यांवर लिहिणारा डॉक्टर, हाडांचा अभ्यासक, चिनीमातीच्या भांड्यांवर काम करणारे, सगळे सरांचा आधार घेत होते. ज्या विषयांशी सरांचा कधी संबंध आला नव्हता, तिथेही त्यांचं नाव पोचलं होतं.

पण ज्या निबंधांचे हे दाखले होते, त्यातले बरेच सर गेल्यानंतर छापून आलेले होते.

छपाईला उशीर होतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी ती मासिकं काढून वाचू लागले. सगळ्यात अलीकडच्या निबंधात इंग्रजीत लिहिलं होतं की भेग वळण्याआधी थबकते. हे तर सर त्या शेवटच्या सकाळी फक्त मला बोलले होते. खाली पत्ता होता जयनगरचा, सरांच्या घराचा.

रविवारी दुपारी मी तिथे गेले. जयनगर तेव्हा नवं होतं. घरं विरळ, मधे मोकळे प्लॉट, वारा नुसता सुटलेला. सरांच्या पत्नीला आम्ही अक्का म्हणायचो. त्यांनी दार उघडलं तेव्हा त्यांची बोटं चिखलाने माखलेली होती.

"स्वल्प थांब हं," त्या म्हणाल्या, "ते सांगतायत तेवढं होऊ दे."

आतल्या खोलीत जमिनीवर चिखलाच्या थाळ्या मांडलेल्या होत्या. खिडक्या बंद. मधूनच कुठल्यातरी थाळीतून टक्‌ असा आवाज यायचा, मग लांबच्या दुसरीतून. अक्का गुडघ्यांवर बसून एका थाळीला कान लावून ऐकत होत्या.

अक्का लग्नाआधी विज्ञान शिकलेल्या. सरांची मोजमापंही त्याच करत, एवढं मला माहीत होतं. त्या उठल्यावर मी विचारलं, "अक्का, हे निबंध तुम्ही लिहिता?"

"टाइप मी करते."

"ते थबकण्याचं सरांनी तुम्हाला कधी सांगितलं?"

"मागच्या उन्हाळ्यात," त्या सहज म्हणाल्या.

माझ्या पाठीमागे एक थाळी वाजली. मला मागे वळून बघवेना.

थोड्या वेळाने धीर करून म्हटलं, "मोजमाप तुमचं, मेहनत तुमची. नाव तुमचं नको का?"

"माझ्या नावाने कोण छापेल?"

"पाठवून तर बघा."

त्यांनी बोटांवरचा वाळलेला चिखल खरवडून काढला. मग कानडीत होकार देत म्हणाल्या, "सरी. विचारते त्यांना."

विभागप्रमुखांना मी सगळं सांगितलं, फक्त ते उन्हाळ्याचं सोडून. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि सर हयात होते तिथवरचीच यादी छापली. उरलेल्या निबंधांबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

अक्कांनी पुढचा निबंध खरंच स्वतःच्या नावाने पाठवला आणि तो छापूनही आला. ग्रंथालयात नवा खंड आला की मी त्यांचं नाव शोधायची. सरांच्या नावाखालच्या ओळी दरवर्षी वाढत होत्या. अक्कांचं नाव काही दिसत नव्हतं. अखेर एका वर्षी दिसलं: हाडांच्या त्याच अभ्यासकाने त्यांचा आधार घेतला होता. मी तशीच बस पकडून जयनगरला गेले.

खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. थाळ्या धुऊन भिंतीशी उभ्या करून ठेवलेल्या. त्या खोलीतली शांतता मला त्या आवाजांपेक्षाही नकोशी वाटली.

"काम थांबवलंत?"

"माझं नाव घातल्यापासून ते काही बोलत नाहीत गं," अक्का म्हणाल्या. "मीही कान लावून लावून कंटाळले."

मी त्यांना दाखल्याची बातमी सांगितली. कुठलं मासिक, कुठला देश, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "जेवून आलीस की वाढू?"

मी जेवले. त्या समोर बसून मला आग्रह करत होत्या.