मान टाकलेल्या कोंबड्या

माझे भाऊजी कोंबड्यांच्या शेडवर कामाला होते. मान मुरगळण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. बोलायला मात्र घुमे. माझ्या ताईशी दोन शब्द बोलायचे तरी त्यांना दिवस लागायचा.

शेडवर कामगारांचा आपसातला एक नियम होता: जी कोंबडी मान टाकेल, ती आधी पाहील त्याची. मालकाची सक्त मनाई होती, तरी सगळे गुपचूप घरी न्यायचे. एका आठवड्यात कोंबड्या धडाधड मान टाकू लागल्या आणि या शहाण्यांना वाटलं, चंगळ झाली! ताई रोज मोरीत बसून उघड्या हातांनी पिसं उपटायची, आतडी ओढून काढायची.

मग तिला ताप भरला. धाप लागली. इस्पितळात नळी घालताना ती इतके हातपाय झाडत होती, की दोघांनी तिला दाबून धरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आजारी कोंबड्या, जनावरं वगैरे?"

"छे, नाही," भाऊजी म्हणाले.

नोकरी जाईल म्हणून! मलाही तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. डॉक्टर बिचारे साध्या न्यूमोनियाची औषधं देत राहिले, ताई निळी पडत गेली. पुढे ताईच्या घरची मोरी तुंबली. मी जाळी उचलली, तर खाली पिसांचा कुजका बोळा. डोकंच फिरलं माझं. इस्पितळात जाऊन मी भाऊजींची गचांडी धरली, भिंतीवर आपटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे केलं.

"बोल! माझी बहीण मरतेय, बोल!"

ओठ फुटला, तेव्हा कुठे बोलले.

विषाणू पक्ष्यांचाच निघाला. शेडवरच्या सगळ्या कोंबड्या मारायचा हुकूम सुटला. भाऊजींना घरीच थांबायला बजावलं होतं, पण ऐकतात कसले! पांढरा झगा चढवून सगळ्यांच्या आधी आत.

दुपारी ताई गेली. मी शेडच्या दारातून ओरडून सांगितलं. आत नुसता फडफडाट, कलकलाट. भाऊजींनी हातातलीची मान मोडली, ढिगावर भिरकावली. दुसरी उचलली. मोडली. तिसरी. मी धावत जाऊन त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

मास्कच्या आतून ते म्हणाले, "आधीच का नाही मारलंस रे मला?"