तात्या आणि मला न उच्चारता आलेला शब्द

माझ्या संशोधनातली पहिल्या दोन महिन्यांची माहिती साफ चुकीची होती.

ती चूक ज्यांनी पकडली, ते तात्या काल गेले. कोकणात, त्यांच्या गावी. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हापासून मी नुसतीच बसून आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जोगेश्वरीचा एक तबेला. मी गुरांची डॉक्टर होऊन मास्टर्स करत होते. आमच्या मरोळच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं.

शेजारी विचारायचे, "पोरगी काय शिकते?"
आई म्हणायची, "डॉक्टरकी."
कसली, हे विचारेपर्यंत ती आत गेलेली असायची.

माझा विषय होता तबेल्यातल्या म्हशींचं प्रजनन. तेव्हा दुभती म्हैस मुंबईत आणायची आणि दूध आटलं की विकून टाकायची, अशी पद्धत. बहुतेक कसायाकडेच जायच्या. मला दाखवून द्यायचं होतं की म्हैस माजावर आल्याचं वेळेत कळलं आणि कृत्रिम रेतन केलं, तर ती इथेच गाभण राहते. मग तिला विकायचं कारणच उरत नाही.

तबेल्याच्या शेठने अठरा म्हशी दिल्या. म्हणाला, "कर बाई तुझा प्रयोग. पण आटली की मी थांबणार नाय."

म्हशीचा माज काही तासांचा. लक्षणं दिसतात ती भल्या पहाटे, धारेच्या वेळी. मी पोचायची साडेआठला. त्यामुळे सगळी भिस्त धार काढणाऱ्या तात्यांवर. आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि ते इथे आले.

मी रोज वही उघडून विचारायची, "तात्या, आज कुठली म्हैस हीटला आली?"

तात्या रोज म्हणायचे, "नाय गो बाय. एकव नाय."

मी लिहायची: नाही. नाही. नाही.

दोन महिन्यांनी माझ्या मार्गदर्शक सरांना वही दाखवली. सर खूश! तबेल्यातल्या म्हशी बाहेर काही दाखवतच नाहीत, सगळा मुका माज, असा निष्कर्ष निघत होता. माझे पाय जमिनीवर नव्हते.

त्याच आठवड्यात ट्रक आला. आटलेली पाच नंबरची म्हैस चढवली. तात्या माझ्या बाजूला उभे होते. हळहळत म्हणाले, "हिका कित्याक इकतत? गेल्या सोमवारी तर माजार इल्ली."

मी हादरले. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू खय इचारलंस? तू रोज हीट इचारतंस. माका वाटला, उन्हाचा इचारतंस. म्हणान तर मी रोज दोनदा पाणी मारतंय सगळ्यांवर!"

"तात्या, हीट म्हणजे तेच हो!"

"मगे मराठीत बोलूक काय झाला?"

मी मान खाली घातली. म्हटलं, "एवढ्या पुरुषांसमोर... लाज वाटायची."

तात्या माझ्याकडे वळले. मग माझ्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हशीच्या आत हयपर्यंत हात घालूक लाज वाटत नाय, नि शब्दाची वाटता?"

गोठ्यातले सगळे हसले. मीही हसले. ट्रक तोवर गेला होता.

ती म्हैस माझ्यामुळे गेली. हे मला कुणी म्हटलं नाही. तात्यांनी तर कधीच नाही. पण मला माहीत आहे.

सरांना जाऊन खरं सांगितलं. सरांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "सहा महिने वाढतील. घरी चालेल?"

घरी चालण्यासारखं नव्हतं. तरी चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटेच्या पहिल्या बसने जाऊ लागले. तात्या गोठ्याच्या दारातच अडवायचे. "काय इचारूचा हा? मोठ्यान इचार."

मी ओरडायची, "तात्या, माजावर कोण आलंय?"

"अकरा नंबर! दूध चोरता, सारखी वरडता. बघ जा."

त्या अकरा नंबरला रेतन केलं. पुढे तपासायला हात घातला तेव्हा तात्या बादली घेऊन शेजारी उभे होते. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. शेठ गोठ्याबाहेर उभा होता. तात्याच ओरडले, "शेठ, ही जाऊची नाय! गाभण असा!"

ती गेली नाही. आणि तिच्यामागून आणखी काही राहिल्या.

थिसिसमध्ये मी लिहिलं की प्रश्न चुकीच्या शब्दात विचारल्यामुळे पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी रद्द केल्या आहेत. परीक्षकांनी भुवया उंचावल्या. सरांनी ते वाक्य काढू दिलं नाही.

नंतरची सगळी नोकरी खेड्यापाड्यांत गेली. कुठल्याही गोठ्यात पाऊल टाकलं की आधी विचारायची, "तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?" त्यानंतरच वही उघडायची.

तात्या, तुम्ही दोन यत्ता शिकलेले. मला विचारायचं कसं, ते तुम्ही शिकवलंत.

सुखान जावा.