हिरव्या मेणाच्या काड्या

परदेशातून द्राक्षाच्या काड्या मागवल्या त्या मी हौसेने नाही, रागाने.

वणीच्या रस्त्याला माझी रोपांची नर्सरी आहे. त्याआधी बारा वर्षं मी द्वारका चौकात रस्त्याच्या कडेला बसून झेंडू आणि शेवंती विकली. भाव कसा पाडायचा आणि कसा धरायचा हे तिथे शिकले. तरी एकदा फसलेच. आमच्याच रस्त्यावर पुढे आणखी एक नर्सरी आहे. तिच्या मालकाकडून नव्या वाणाच्या म्हणून काड्या घेतल्या, रोपं करून विकली, आणि घड लागले तेव्हा कळलं की निम्मा माल भलताच आहे. शिव्या मी खाल्ल्या. जाब विचारायला गेले तर तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "मावशी, माझ्याकडून गेल्या तेव्हा चांगल्या होत्या."

त्या दिवसापासून मी कुणाच्या हातची काडी घेतली नाही. माल मुळातूनच आणायचा ठरवलं.

काम करून देणारा मुंबईचा एजंट मला पहिल्या दिवसापासून लबाड वाटला. रोपं, काड्या, बियाणं असं जिवंत काही आणायचं तर सरकारचा परवाना लागतो, हे मला मान्य. पण तो यायला इतके महिने? मी फोनवर म्हटलं, "कुणाचं तोंड गोड करायचंय ते सरळ सांगा."

"ताई, इथे कुणाचंच नाही. आधी परवाना, मग माल. उलट केलंत तर माल विमानतळावरच जाळतील."

"आणि तुमची फी? तीही जाळतील का?"

तो हसला. मी नाही हसले.

माल उतरला तेव्हा मी स्वतः मुंबईला गेले. माझ्या पाठीमागे खोकं कुणी उघडलेलं मला चालणार नव्हतं. आत चारशे काड्या, ओल्या भुशात गुंडाळलेल्या, प्रत्येकीचं टोक हिरव्या मेणात बुडवलेलं. तपासणी अधिकाऱ्याने नमुन्याला दहा काढल्या.

"दहा कशाला? दोन घ्या," मी म्हटलं.

"बाई, ही भाजीमंडई नाही."

"मग पाच."

एजंटाने कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याने दहाच घेतल्या. तीनशे नव्वद काड्या मला मिळाल्या त्याही अटीवर. वर्षभर त्या माझ्याच नर्सरीत, बंद जाळीघरात, बाकीच्या रोपांपासून वेगळ्या वाढवायच्या. त्यातलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. कृषी विद्यापीठाच्या मॅडम येऊन तपासतील. एखादी मेली तर तिचाही हिशेब द्यायचा. रोग निघाला किंवा हिशेब लागला नाही, तर सगळा माल जाळायचा.

आमच्याकडे द्राक्षवाल्यांत काडी मागणं म्हणजे विरजण मागण्यासारखं असतं, नाही म्हणायची पद्धतच नाही. माझा सख्खा भाऊसुद्धा येऊन म्हणाला, "दोनच दे गं, कुणाला कळतंय?" मी त्याला चहासुद्धा दिला नाही. जाळीघराला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली. पाणी घालायला फक्त एक बाई आत यायची. ती सुरगाण्याकडची, नवऱ्यासोबत माझ्याच आवारात राहायची. तिला पहिल्याच दिवशी बजावलं, "यातली काडी बाहेर गेली तर तुझी खैर नाही." रोज संध्याकाळी मी तिच्यासमोर काड्या लावलेल्या पिशव्या मोजायचे. तीनशे नव्वद. एक दिवस चुकून तीनशे एकोणनव्वद मोजल्या, तर तिला इतकं बोलले की तिचा नवरा झोपडीतून बाहेर आला. दुसऱ्यांदा मोजल्यावर आकडा बरोबर निघाला. मी कुलूप लावलं.

वर्षाच्या अखेरीस मॅडम आल्या. मी ऐटीत त्यांना मागच्या रांगेशी नेलं. तिथली काही रोपं सगळ्यांत तरारलेली होती. मॅडमनी एक पान उलटं केलं, शेजारच्या रोपाचंही केलं.

"या पानाला खालून लव आहे. बाकीच्यांना नाही. हे रोप तुमच्या मालातलं नाही."

अशी नऊ निघाली. नऊच्या नऊ इथल्याच गावठी जातीची.

माझ्या डोक्यात एकच माणूस आला. त्या पुढच्या नर्सरीवाल्याने माझ्या काड्या पळवल्या आणि जागी गावठी रोपं ठेवली. आणि माझ्याशिवाय आत येणारी एकच, ती पाणी घालणारी. मी मॅडमसमोरच तिच्यावर ओरडले, "किती घेतलेस त्याच्याकडून?"

ती जागची हलली नाही. "बाई, त्या मेल्या व्हत्या. मी नांग्या भरल्या."

शेतात एखादं रोप मेलं की रिकाम्या जागी दुसरं लावतात, त्याला आम्ही नांग्या भरणं म्हणतो. चांगला मजूर ते न सांगता करतो. करत नाही त्याला मीच आळशी म्हणते.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी मोजत व्हत्या ना. कमी भरल्या आसत्या तर मलाच चोर म्हटलं आसतं."

मॅडम वही मिटत म्हणाल्या, "मेलेल्या काड्या नसतील तर मला सगळा माल जाळायला सांगावं लागेल."

"बाहेर नेऊ नको म्हनल्या व्हत्या," असं म्हणत ती कोपऱ्यात गेली आणि पाण्याच्या टाकीमागून खताची जुनी गोणी ओढून आणली. आत वाळक्या काड्या, दोरीने बांधलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला हिरवं मेण.

मॅडमनी मोजल्या. नऊ. मीही मोजल्या, दोनदा.

गावठी नऊ आणि त्यांच्या आजूबाजूची रोपं जाळली. बाकीच्यांना आणखी सहा महिने कोंडून ठेवायला सांगितलं. माल वाचला.

माफी मागायची मला सवय नाही. त्या संध्याकाळी किल्ली तिच्या हातात दिली, तर तिने ती खिळ्याला अडकवली. "गळ्यात नको बाई, हारवंल."

पुढचा नर्सरीवाला त्यात नव्हता, हे मी मानते. पण तो आता तिला जास्त मजुरीचं आमिष दाखवत असणार, याची मला खात्री आहे. मी अजूनही रोज मोजते. फक्त मोजायच्या आधी तिला विचारते, "आज किती मेल्या?" आणि ती सांगेल तो आकडा धरून मोजायला लागते.