पोरीला कराटेला घातलं तेव्हा

माझी जीभ आधी चालते आणि डोकं मागून. सासू हे हयातभर म्हणाली, शाळेतले मास्तर आजही म्हणतात. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते.

मलकापूरजवळच्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. पोरीचे पप्पा नोकरीला बाहेरगावी, पंधरा दिवसांनी घरी येतात. म्हणजे घरात आम्ही दोघीच, मी आणि नववीतली पोर. ट्यूशनहून येताना मोटरसायकलवरची दोन पोरं तिच्या मागं लागायची. गाडी अंगावर आणायची, ओढणी ओढायची आणि हसत निघून जायची. महिनाभर ती काही बोलली नाही. एका संध्याकाळी तिनं सॅक पाठीला लावली आणि दारातच बसली, उठेचना. तेव्हा कुठं तोंड उघडलं. त्या दिवसापासून ती एकटी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेना. समोरच्या दुकानातून दूध आणायचं म्हटलं तरी चेहरा पांढरा व्हायचा. ट्यूशन बंद झाली, शाळेत मी सोडायची आणि मीच आणायची. पोर अशीच घरात बसते की काय, या धास्तीनं मला जेवण जाईना.

पोलिसात जाऊ म्हटलं, तर तिचे पप्पा फोनवर म्हणाले, ‘‘राहू दे. गावात पोरीचंच नाव खराब होते.’’ माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! पण त्यांचं म्हणणं मलाही पटलं, हेही सांगितलं पाहिजे. मग मीच ठरवलं, हिलेच मारामारी शिकवायची.

दोन क्लास पाहिले. पहिला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात, एक तरुण बाई चालवायची. पाहते तर पोरी गोल करून बसलेल्या आणि खिदळून राह्यलेल्या. मधेच एक उभी राहायची, हात पुढं करून ‘‘मागं हो!’’ म्हणून ओरडायची, बाकीच्या टाळ्या वाजवायच्या. मॅडमनं माझ्याशी बोलायचं सोडून पोरीला विचारलं, ‘‘तुले यायचं आहे का इथं?’’ पोरीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, ‘‘पाहू, विचार करून सांगतो.’’ रस्त्यात पोरीला म्हणाले, ‘‘हे काय शिकवणं आहे वं? भुलाबाईची गाणी म्हणायची आहेत काय आपल्याले?’’

दुसरा क्लास कापसाच्या जिनिंगच्या मागच्या हॉलमध्ये. कपाट भरून ट्रॉफ्या, भिंतीवर पुढाऱ्यांसोबतचे फोटो. सरांच्या कमरेला काळा पट्टा आणि हातात वेताची छडी. चाळीस पोरं पांढऱ्या ड्रेसमध्ये गुडघे वाकवून, खुर्चीत बसल्यासारखी अधांतरी उभी होती. एकाचे पाय थरथरले, तशी पोटरीवर छडी बसली. सट्ट! पोरगं हललं नाही. मी बाई खूश! माझ्या वर्गात हे असं कधी झालं नव्हतं.

आमच्याकडं लेकरू गुरुजीच्या हवाली करताना एक गोष्ट म्हणायची रीत आहे. माझ्या बापानं माझ्या मास्तरांना म्हटलं होतं, मीही मोठ्या तोऱ्यात सरांना म्हटलं, ‘‘सर, मांस तुमचं, हाडं आमची. हयगय करू नका.’’ म्हणजे पाहिजे तितकं बदडा, फक्त हाडं शाबूत ठेवा. सर हसले. पोरीला म्हणाले, ‘‘ऐकलं ना?’’ पोर वाकून त्यांच्या पाया पडली.

मी रोज तिला नेऊन सोडायची आणि क्लास सुटला की घेऊन यायची. सर पालकांना आत थांबू देत नव्हते, त्याचंही मला कौतुक. दीड महिन्यात पिवळा पट्टा मिळाला. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पण पोर दुधाला काही जाईना. उलट बोलणं कमी झालं. एप्रिलच्या उन्हातही घरात पायघोळ पायजमा घालून बसायची. विचारलं की म्हणायची, ‘‘असंच.’’

मग एका मंगळवारी ती म्हणाली, ‘‘मले आज नाही जायचं.’’

‘‘काऊन?’’

‘‘नाही जायचं.’’

‘‘लाड पुरे झाले. चाल, ऊठ!’’ मी तिचं मनगट धरलं आणि दाराकडं ओढलं. ती जागची हलेना. मी अजून जोर लावला. आणि काय झालं ते मला कळायच्या आत तिनं हात माझ्या अंगठ्याकडं फिरवून हिसका दिला. मनगट सुटलं. माझा राग असा भडकला की मी हात उगारला. तिनं डोळे मिटले नाहीत. दोन्ही तळवे पुढं केले आणि म्हणाली, ‘‘मम्मी, मागं हो.’’

माझा हात वरच राहिला.

तिनं पायजमा वर ओढला. दोन्ही पोटऱ्यांवर वळ, काही काळेनिळे, काही ताजे. अवं माय! मी मटकन खाली बसले.

‘‘मले काऊन नाही सांगितलं?’’

‘‘काय सांगू? तूच त म्हटलं व्हतं सरले.’’ ती रडत नव्हती. ‘‘ते मोटरसायकलवाले ओढणी ओढतेत, सर मारतेत, तू हात धरून ओढतं. मी नाही म्हणू कोनाले?’’

मी तशीच उठले आणि जिनिंगच्या हॉलवर गेले. सर छडी खांद्याला लावून उभे होते. मी बोलायला लागले तसे ते शांतपणे म्हणाले, ‘‘ताई, तुम्हीच परवानगी दिली. आणि तुम्ही स्वतः मास्तरीण. तुम्ही नाही मारत काय लेकरांले?’’

चाळीस पोरं माझ्याकडं पाहत होती. माझी फूटपट्टी टेबलाच्या खणात असते, लेकरांना मारायचं नाही असा कायदा आला तरी. ‘‘मारते,’’ मी म्हणाले. ‘‘चुकते माझं. पण माझी पोर आता इथं येणार नाही.’’ मी तशीच पायऱ्या उतरले. पुढच्या महिन्यात सरांचे पाच-सहा विद्यार्थी कमी झाले म्हणतात, पण क्लास अजून जोरात चालतो.

विहाराच्या अंगणातल्या मॅडमकडं पोरच म्हणाली जाऊ. तिनंच मॅडमला विचारलं, ‘‘मले एखादी गोष्ट नाही करायची असली, त?’’

‘‘त तसं सांगायचं. मी थांबीन.’’

मी जीभ दाताखाली धरून उभी होते. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही.

जूनमध्ये एक दिवस पोर म्हणाली, ‘‘आज मले घ्यायले येऊ नको. एकटी येतो.’’ विहार घरापासून दहा मिनिटांवर. सहाला क्लास सुटतो. सव्वासहा झाले, वीस झाले. रस्त्यानं एकेक मोटरसायकल गेली की मी फाटकाशी जाऊन पाहायची. चपला घालायची, काढायची. ‘येऊ नको’ म्हणाली होती. साडेसहाला फाटक वाजलं. ओढणी एका खांद्यावरून लोंबत होती आणि श्वास फुललेला.

‘‘आले व्हते,’’ ती म्हणाली.

‘‘कोण? तेच? लागलं काय तुले? कुठं...’’

‘‘मम्मी, थांब. ओढणी धरली. मी पळाली नाही. जोरात ओरडली, गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला, दोनदा. दुकानावरचे लोक बाहेर आले. ते पळाले.’’ तळहात तिनं पुढं केला. पेनानं नंबर लिहिलेला होता, घामानं थोडा पसरलेला. ‘‘पोलीस स्टेशनात जाऊ. आता.’’

पप्पांना विचारू, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि घराला कुलूप घातलं.

ठाण्यात टेबलामागच्या हवालदारानं मान वर केली आणि मलाच विचारलं, ‘‘बोला ताई, काय झालं?’’

तोंडाशी आलेलं सगळं मी आवळून धरलं. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलंही नाही. पोरीनं खुर्ची पुढं ओढली, टेबलावर तळहात उलगडून ठेवला आणि बोलायला लागली.