डोळ्यावरची टिकली

सीमाभागातल्या वडगावच्या विणकर गल्लीत मागांची खडखड एवढी, की माणसं जन्मभर ओरडूनच बोलतात. अंबुबाई तेवढी हळू बोलायची. नवरा परशराम मागावर साड्या विणायचा, ही शेजारी बसून त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि दोघांचं काय ते बोलणं डोळ्यांनीच चालायचं. माघ महिन्यात परशराम छातीत कळ येऊन गेला. मग दीर भावकूनं मागावर आपला माणूस बसवला. अंबुबाई आपली कांड्या भरत राहिली, त्या माणसाकडं मान वर करून न बघता.

लेक सौम्या मात्र तिखट. बीकॉम झालेली, कुठल्याशा कंपनीचं टायपिंगचं काम घरबसल्या करायची. त्यासाठी एक जुनापाना लॅपटॉप घेतला होता, कुणीतरी वापरून टाकलेला. बॅटरी मेलेली, म्हणून वायर कायम भिंतीत खुपसलेली. अपडेट यायचे कधीचेच बंद झालेले. कॅमेरा चालू झाला की शेजारी एक बारका दिवा लागतो म्हणे, तोही गेलेला. दुरुस्तीवाल्या राजकुमारनं बजावलं होतं, "आक्का, ह्या डबड्यात कोण शिरलं तर तुला पत्ता सुदिक लागायचा न्हाय. तेवढा कॅमेरा झाकून ठेव." सौम्यानं आईच्या डबीतली एक टिकली काढली आणि कॅमेऱ्यावर चिकटवली. त्या टिकल्या आता आईला कुठं लागणार होत्या? अंबुबाईनं बघितलं आणि डबीचं झाकण लावून टाकलं.

खंडेनवमीला अख्ख्या गल्लीचे माग थांबतात. माग पुसायचे, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. ज्यानं पोटाला घास दिला ते हत्यार, मग लॅपटॉपनं काय घोडं मारलंय? अंबुबाईनंच तो मागापुढं स्टुलावर मांडला, उघडा आणि चालू. कुंकवाला तिनं हात लावायचा नाही म्हणून पूजा सौम्यानं करायची. पुसापुशी मात्र आईची. पुसता पुसता अंबुबाईनं ती टिकली नखानं काढली.

"आई, ती ऱ्हाऊ दे की!"

"हत्याराचा डोळा झाकून पूजा करत्यात व्हय गं? देवाच्या डोळ्यावर कुंकू लावतीस का तू?"

सौम्या हसली. हळदकुंकू लावून झाल्यावर ती लॅपटॉप बंद करायला गेली, तर आईनं पुन्हा हटकलं, "पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्यापतोर हलवायचं न्हाय. तुझ्या बानं कधी हलवलं हुतं?" बापाचं नाव निघाल्यावर लेकीनं काय बोलायचं? तसाच सोडून ती शहापूरला मैत्रिणीकडं गेली.

दुपारी गल्ली सामसूम झाली. माग थांबले की वडगावात कानांत दडे बसल्यासारखं होतं. त्या शांततेत अंबुबाई एकटी होती. तिनं ट्रंक उघडली. परशरामनं खास तिच्यासाठी विणलेली डाळिंबी साडी तळाशी होती. आयुष्यभर हजारो बायकांच्या साड्यांच्या कांड्या भरल्या, पण ह्या एका साडीच्या कांड्या तिनं स्वतःसाठी भरल्या होत्या. आठ महिन्यांत तिनं ती बाहेर काढली नव्हती. आज काढली आणि नेसली. डबीतली टिकली घेतली, लावली. घरातला आरसा भिंतीवरचा, वीतभर, त्यात निम्मं तोंड दिसायचं. स्टुलावरच्या लॅपटॉपचा पडदा मात्र आपोआप विझून काळा झाला होता. त्यात ती अंधुक का होईना, पुरी दिसली. तिनं पदर सारखा केला आणि परशरामला म्हणावं तसं हळूच म्हणाली, "बघितलासा का?" मग टिकली काढली, साडी घडी करून ठेवली आणि भांडी घासायला बसली. झालं ते एवढंच. ह्यात कुणाचं काय बिघडलं, तुम्हीच सांगा!

पण पडदा विझला तरी यंत्र जागं होतं. सौम्यानं मागं कधीतरी एक फुकटातलं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं, त्याच्या आडून कुणीतरी आत शिरून बसलं होतं, सौम्याच्या ओळखीच्यांचे सगळे नंबर उचलून. कुठल्या मुलखातलं कोण, देव जाणे. आठवड्यानं सौम्याच्या मोबाईलवर आईचा फोटो आला. खाली हिंदीत धमकी: पैसे टाक, नाहीतर ओळखीच्या सगळ्यांना पाठवतो. सौम्यानं आधी दाराला कडी घातली. मग तिनं फोटो नीट बघितला आणि तिचा जीव भांड्यात पडला. अंगभर साडी, कपाळावर टिकली, तोंडावर हसू. काय पाठवणार मेला? आईला तिनं सांगितलं नाही. चोरालाही उत्तर दिलं नाही. शिकलेली पोर, पण आपली गल्ली काय चीज आहे ते विसरली.

त्यानं पाठवला. काकांना, मावशीला, गल्लीतल्या बायकांना, सगळ्यांना.

भावकू सकाळीच दारात. आत आला नाही. "वैनी, माझ्या भावाचं वरीस सरलं न्हाय अजून. कुणासाठी नटलासा?"

अंबुबाईच्या हातातली कांडी गळून पडली. सौम्या मध्ये पडली, "काका, चोरानं घरात घुसून काढलाय त्यो फोटो! चोराला बोला की!"

"चोरानं टिकली लावली व्हय गं तिला?" भावकू म्हणाला. "वर्षश्राद्ध मी माझ्या घरात घालणार. वैनी, तुमी येऊ नगासा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! बायकांनी पाणी भरताना तिच्याशी बोलणं टाकलं. एकीनं तर मोबाईल पुढं केला, "बघ तरी, कशी दिसतीस!" अंबुबाईनं तोंड पदरात घातलं आणि मान फिरवली. सौम्या ठाण्यात गेली. तिथल्या माणसानं फोटो बघितला आणि कन्नडमध्ये विचारलं, "इदरल्लि तप्पेनिदे?" ह्यात चूक काय आहे? बाई साडी नेसून उभी आहे, चांगली दिसते आहे. तो काही खोटं बोलत नव्हता. तक्रार लिहून घेतो म्हणाला, पण हसला. सौम्याला त्या हसण्याचा इतका राग आला की ती तशीच उठून आली.

मग तिनं तिच्या हातात होतं ते सगळं केलं. राजकुमारकडून लॅपटॉप पार पुसून घेतला, सगळं नव्यानं घातलं. पासवर्ड बदलले, कॅमेऱ्यावर जाड पट्टी मारली. दारोदार फिरून, पाया पडून बायकांच्या मोबाईलमधला फोटो पुसायला लावला. शेवटी स्वतःच्या मोबाईलमधलाही पुसला, त्याचा मागमूसही ठेवला नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी भावकूच्या घरी पंगत बसली होती आणि अंबुबाई कांड्या भरत होती. सौम्या तिच्याजवळ जाऊन बसली.

"आई, रडू नगं. सगळं पुसलंय मी. आता कुठंच न्हाय त्यो फोटो."

अंबुबाईचा हात थांबला. "तुझ्यात पण न्हाय?"

"न्हाय."

तिनं कांडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "साऱ्या गल्लीनं बघितला गं. मीच तेवढा बघितला न्हाय. ती साडी मला कशी दिसती, त्येनी गेल्यापास्नं कोण सांगणार हुतं मला?"

सौम्यानं मोबाईल काढला आणि वेड्यासारखी शोधत राहिली. त्यात आता काहीच नव्हतं.