सुकतळ्याखालचा खळगा

आमचे हे चाळीस वर्षं बूट शिवताहेत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याची कुठली टाच झिजते ते ह्यांनी सांगितलेलं असतं. आणि स्वतःच्या बुटात खिळा वर आला, तर त्यावर दिवसभर चालून आले! मोजा रक्तानं भरलेला मीच पाहिला. साखरेनं पायाच्या नसा गेलेल्या, टोचलेलं कळतंय कुणाला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनी बजावलं, "त्या जागी पुन्हा उघडली तर अंगठा काढावा लागेल."

मग फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बुटात सुकतळ्यावर एक पातळ यंत्र बसवलं आणि घोट्याला पट्टा बांधला. अंगठ्यामागच्या उंचवट्यावर जास्त भार पडला की पट्टा वाजायचा. "काका, पाय सांगत नाही ते हा सांगेल. वाजला की पाऊल लहान टाका, रेटा कमी द्या. हळूहळू सवय लागेल."

तीन दिवस हे वाजत गेले, वाजत आले. चौथ्या दिवशी पट्टा गप्प. पाचव्याही. मी खूश व्हायला हवं होतं, पण चाल बघते तर तीच जुनी, धाडधाड.

हे अंघोळीला गेले तसा मी बुटात हात घातला. यंत्राखालचा सुकतळा कोरून खळगा केलेला, कडासुद्धा घासून गुळगुळीत. काम सुबक होतं, ते मान्य करते. यंत्रावर भारच पडत नव्हता, सगळा पडत होता खळग्याच्या कडेवर.

"हे काय आहे?" मी बूट पुढे धरला.

"यंत्रच बिघडलंय."

"यंत्र बिघडलं म्हणून सुकतळा कोरलात?"

हे खाली बसले. "दुकानात चार माणसांत वाजतं. परवा एक उंच माणूस आला होता, तो म्हणाला, बूट शिवणाऱ्यालाच चालता येईना. सगळे हसले."

मला दया आली नाही, संताप आला. लोकांच्या हसण्यापायी हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेत होता. मी आरसा आणून तळपायाखाली धरला. जुन्या जखमेला लागून लालभडक चट्टा होता.

ह्यांनी चट्ट्यावरून बोट फिरवलं. "चल, दाखवून येऊ," म्हणाले. त्या मुलीपुढे खळग्याचं सगळं स्वतःच सांगितलं. दोन आठवडे पाय टेकायची बंदी झाली. चट्टा गेल्यावर ह्यांनी नवा, सपाट सुकतळा बसवला.

दुकान उघडलं त्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तेव्हा तो उंच माणूस बूट दुरुस्तीला देऊन मोज्यांवर उभा होता. आणखी तिघं बाकावर. हे उठले आणि पट्टा वाजला. तो हसला.

"ऐकलंस ना? थांब, आणखी ऐकवतो," हे म्हणाले.

आणि त्याचे बूट हातात घेऊन दारापर्यंत चालत गेले. वाजला. परत आले. वाजला. पाऊल लहान केलं, पुन्हा गेले. सातव्या फेरीला एकदाच वाजला, आठव्या फेरीला नाही. तरी हे थांबले नाहीत.

"काका, मला घाई आहे," तो म्हणाला.

"मग जा की," हे म्हणाले आणि त्याचे बूट काखेत मारून नवव्या फेरीला निघाले.