फोडणीचा वास घेणाऱ्या बाई

बाई कुणाच्याबी दारात उभ्या राहिल्या की आधी नाक वर करायच्या. नमस्कार मागनं. आधी वास.

मी त्यांच्या जीपचा ड्रायव्हर. शाळेचं म्हणाल तर मी शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत शिकलेला. तितं सावली चांगली पडायची. बाईंबद्दल खरं तर कुणी शिकलेल्यानं सांगायला पायजे. पर त्यांच्या जीपमधी मीच बसलेला, तवा मलाच सांगू द्या.

बाई आफ्रिकेतल्या. घाना म्हणून देश हाय, तितल्या सरकारी आरोग्य खात्यात मोठ्या हुद्द्यावर. नर्स म्हणून लागल्या, होडीतनं नद्या वलांडून गावोगाव देवी टोचत फिरल्या, आणि वर चढत गेल्या. त्यांच्या देशातनं देवीचा रोग हटला, तवा त्यांना हिकडं धाडलं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं साल. सोलापुरात आल्या, आणि सगळ्या ड्रायव्हरांतनं त्यांना मी मिळालो. नशीब एकेकाचं.

मराठी त्या माझ्याकडनंच शिकल्या. त्यामुळं कचेरीच्या आवारात साहेबांसमोर बी "न्हाय" आणि "लई" म्हणायच्या. साहेब माझ्याकडं बघायचे. मी टायरकडं बघायचो.

कुंभारी गावात एका म्हातारीनं त्यांच्या केसांना हात लावून बघितला. मला म्हणाली, "ही बया एवढ्या लांबनं सुई टोचायला आली व्हय रं? हिच्या मुलखात माणसं संपली का?"

बाई खाली बसल्या. त्यांनी बी म्हातारीच्या केसांना हात लावून बघितला. म्हणाल्या, "माणसं हायत, आई. देवी संपली. आता तुमची संपवू."

म्हातारीनं दंड पुढं केला.

आता वासाचं सांगतो. घरात देवी आली की आपल्याकडं बायका फोडणी देत न्हाईत. देवीला ती तडतड सोसत न्हाय म्हणत्यात. लोक आजारी पोर कणगीमागं लपवायचे, देवीची खूण म्हणून दारावर लावलेला कडुलिंबाचा डहाळा काढून टाकायचे. पर चूल कुटं लपवणार? होटगी गावच्या बायकांनी बोलता बोलता हे बाईंना सांगितलं. तवापासनं आमी सैपाकाच्या टायमालाच गावात शिरायचो. साऱ्या गल्लीत फोडणीचा ठसका, आणि एकाच दारात काय न्हाय, की बाई थांबल्याच. "मला दाखवा," म्हणायच्या. रागवायच्या न्हाईत. दाखवीपर्यंत हलायच्या बी न्हाईत.

मी लोकांना धीर द्यायचो. "काय न्हाय हो, मुंगी चावल्यावाणी!" आणि माझी पाळी आली तवा जीपखाली जाऊन पडलो, ऑइल गळतंय म्हणून. बाईंनी पाय धरून वढून काढलं आणि दंडावर टोचलं. मग इचारलं, "घरच्यांचं?"

"सगळ्यांचं झालंय की, बाई."

खोटं. माझी शांता पाच वर्षांची. सुई बघितली की आकांत करायची, आणि तिचं रडणं मला सोसायचं न्हाय. एवढंच कारण. लसीचा थर्मास मी रोज माझ्या शिटाशेजारी घेऊन फिरायचो बघा.

मग शांताला ताप आला. मागनं तोंडावर पुरळ. शेकडो पोरं बघितलेली मी, बघितल्याबरुबर वळखलं. बायको म्हणाली, "बाईंना सांगा." मी म्हटलं, "गप. खोटं बोललोय ते उघडं पडंल. नोकरी जाईल."

शेजारी विणकराचं घर. नरसम्मा आणि तिचा लेक सत्तय्या. नरसम्मा तेलुगूत बोलायची, शांता मराठीत, दोघींचं झकास जमायचं. ती आली आणि पोरीला मांडीवर घेतलं. मला इचारलं, "काय आलंय रे?"

"कांजिण्या," मी म्हटलं.

मग ती रोज यायची. रोज मांडीवर घ्यायची.

बाई दुपारी माझ्या डब्यातलं खायच्या. त्या दिवसांत मी डबाच नेईना. सोमवारी म्हटलं उपास. मंगळवारी बी उपास. बुधवारी परत उपास म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "दादा, तुझे देव लई कडक हायत." नंतर मी पोटदुखीवर आलो.

आठव्या दिवशी बायकोनं स्वतः होऊन डबा शिटावर ठेवला. का ठेवला, ते तिनं मला आजवर सांगितलं न्हाय. बाईंनी आमटीत भाकरी बुडवली, घास तोंडात घातला आणि थांबल्या. माझ्याकडं बघितलं.

"बायको तेल घालायचं इसरली," मी म्हटलं.

"जीप वळव," म्हणाल्या. "तुझ्या घरी."

वाटंत एकच इचारलं, "शेजाऱ्यांना काय सांगितलंस?" मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला टोचलं, नरसम्माला सगळ्यात आधी. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पयल्या दिवशी सांगितलं असतंस तर भ्या नव्हतं. आता उशीर झालाय."

शांता वाचली, तोंडावर वण राहिले. नरसम्मा पुढच्या आठवड्यात तापली, आणि गेली.

मी हात जोडले, "बाई, वर धाडायच्या कागदावर माझं नाव नका घालू." त्यांनी घातलं. पर खाली आणखी लिवलं. आमच्या कचेरीतल्या कंपाउंडरनं मला वाचून दाखवलं: मी रोज ह्याच्या गाडीत बसले, ह्याचा डबा खाल्ला, आणि ह्याचं घर एकदाबी तपासलं न्हाय. चूक आधी माझी.

माझी नोकरी राहिली. बाईंना मुदतीआधी माघारी बोलावलं.

जायच्या आधी त्या सत्तय्याच्या घरी गेल्या. त्याच्या हातमागाशेजारी जमिनीवर बसल्या. "तुझ्या आईजवळ मी उशिरा पोचले. ह्याचं घर मी आधी बघायला पायजे हुतं. माफ कर."

सत्तय्या डोळे पुसत म्हणाला, "तुमची काय चूक, बाई? दादाला तरी कुटं ठाव हुतं?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. नुसत्या बघत राहिल्या.

मी म्हटलं, "चला बाई, गाडी चुकंल."

गाडी दुसऱ्या दिवशी हुती.

पुढं बाई त्यांच्या देशात आरोग्य खात्याच्या सगळ्यात मोठ्या साहेब झाल्या. आणि सात वर्षांनी कंपाउंडरच मला म्हणाला, "तुझ्या बाई गेल्या रं. कामावर असतानाच."

घरी जाववंना. सत्तय्याच्या दारात गेलो. तो लुगडं विणत हुता. म्हटलं, "बाई गेल्या." त्यानं धोटा थांबवला.

"लई मोठ्या मनाची बाई," म्हणाला. "चूक नसताना माझ्या घरी येऊन माफी मागितली."

"सत्तय्या, मला ठाव हुतं. देवी हाय ते. कांजिण्या म्हणून तुझ्या आईला मी खोटं सांगितलं."

"कवापासनं ठाव हुतं?"

"पयल्या दिवसापासनं."

तो मागावरच्या अर्ध्या लुगड्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाय खालच्या फळीवर दाबला आणि धोटा फेकला. परत फेकला. बस म्हणला न्हाय. जा बी म्हणला न्हाय.